जागा शिल्लक, तरी ‘डिस्क भरली’: बीटीआरएफएस अडखळते किंवा रीड-ओन्ली होते तेव्हा

बीटीआरएफएस ही लिनक्समधली एक फाइलसिस्टिम, म्हणजे डिस्कवर फाइल मांडून ठेवण्याची एक पद्धत. ती बिघडते तेव्हाची लक्षणं आधी सांगतो. तुमची जुळतात का बघा.

फाइल कॉपी करताना ‘डिव्हाइसवर जागा नाही’ असा संदेश येतो, पण डीएफ कमांड चांगली तीस-चाळीस जीबी मोकळी दाखवते. जागा करावी म्हणून एखादी फाइल पुसायला जावं, तर पुसायलाही जागा नाही असं उत्तर मिळतं. अधूनमधून सगळं गोठतं: माउस हलतो, पण काहीच उघडत नाही, डिस्कचा दिवा पेटलेला राहतो आणि थोड्या वेळाने सगळं पुन्हा सुरळीत होतं. हे काही दिवस चालतं. मग एके दिवशी पूर्ण फाइलसिस्टिम रीड-ओन्ली होते. वाचता येतं, लिहिता येत नाही. कर्नलच्या, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याच्या, लॉगमध्ये ‘फोर्स्ड रीडओन्ली’ हे शब्द दिसतात आणि जवळपास ‘एररनो’पुढे, म्हणजे चुकीच्या क्रमांकाच्या जागी, उणे २८, उणे ५ असा एखादा आकडा असतो.

हा बिघाड मी मित्रांच्या लॅपटॉपवर, एका छोट्या ऑफिसच्या फाइल सर्व्हरवर आणि व्हर्च्युअल मशीन चालवणाऱ्या यंत्रांवर पुन्हा पुन्हा दुरुस्त केला आहे. बहुतेक वेळा डिस्क ठणठणीत होती. ज्या थोड्या ठिकाणी माहिती खरोखर गेली, तिथे ती मूळ बिघाडाने गेली नव्हती. घाबरून, कुठेतरी वाचून चालवलेल्या दुरुस्तीच्या कमांडने गेली होती. म्हणून खालचा क्रम मोडू नका, एवढं कळकळीने सांगतो. सोपं आणि फुकटचं आधी, अवघड आणि धोक्याचं शेवटी.

कमांडची नावं इथे उच्चाराप्रमाणे लिहिली आहेत. मॅन्युअलमध्ये ती इंग्रजी अक्षरांत सापडतील, आणि नेमके पर्याय तिथूनच बघून टाइप करा.

हे असं का होतं

बीटीआरएफएसचं काम क्रिस मेसन यांनी ओरॅकलमध्ये असताना २००७ मध्ये सुरू केलं आणि २००९ मध्ये ती लिनक्स कर्नल २.६.२९ मध्ये आली. ओपनसूसेने २०१४ मध्ये १३.२ या आवृत्तीपासून मूळ विभागासाठी आणि फेडोराने २०२० मध्ये ३३ या आवृत्तीपासून डेस्कटॉपसाठी तिलाच पहिली पसंती दिली. त्यामुळे कित्येकांच्या यंत्रावर ती त्यांनी मुद्दाम निवडलेली नसते. इन्स्टॉल करताना आपोआप आलेली असते.

तिचा मूळ नियम एका वहीसारखा आहे. या वहीत खाडाखोड करायची नाही. एखादी ओळ बदलायची असेल तर ते पान दुसऱ्या कोऱ्या पानावर नव्याने उतरवायचं आणि मग अनुक्रमणिकेत पान क्रमांक बदलायचा. पण अनुक्रमणिकाही त्याच वहीत आहे. तिलाही खाडाखोड चालत नाही, म्हणून तिचंही नवं पान. असं करत करत वहीच्या पहिल्या पानापर्यंत जायचं. याला कॉपी-ऑन-राइट म्हणतात. मध्येच वीज गेली तरी जुनी पानं शाबूत असतात, हा याचा मोठा फायदा.

यातूनच पुसण्याचं कोडं सुटतं. फाइल पुसणं म्हणजे नोंद बदलणं, आणि नोंद बदलायला कोरं पान लागतं. कोरं पानच उरलं नसेल तर पुसताही येत नाही.

गोठण्याचं कारणही इथेच आहे. बदल सुरू करण्याआधी कोड वाईटात वाईट परिस्थिती धरून जागा राखून ठेवतो. अनुक्रमणिका झाडासारखी पातळ्यांत मांडलेली असते. या झाडाची जास्तीत जास्त उंची ८ पातळ्या, प्रत्येक पान नेहमीच्या मांडणीत १६ केबी, आणि प्रत्येक पातळीवर पान दुभंगू शकतं म्हणून दुप्पट. एका नोंदीसाठी २५६ केबीची राखीव मागणी होते. प्रत्यक्षात त्यातला अगदी थोडा भाग वापरला जातो आणि बाकीचा परत मिळतो. जागा मुबलक असताना हे जाणवतही नाही. जागा आटली की मागणी करणारे रांगेत थांबतात, आणि कर्नल अडकलेली कामं डिस्कवर ढकलून, चालू व्यवहार (एकत्र लिहिल्या जाणाऱ्या बदलांचा गठ्ठा) पूर्ण करून थोडी थोडी जागा मोकळी करतो. आपल्याला जे गोठल्यासारखं दिसतं ती ही रांग असते.

आणि रीड-ओन्ली होणं? जुन्या कर्नलमध्ये अनपेक्षित काही दिसलं की कोड कित्येक ठिकाणी सरळ कर्नलच कोसळवत असे. डेव्हलपरांनी वर्षानुवर्षं अशी ठिकाणं शोधून त्यांच्या जागी नीट चूक परत करणारा कोड लिहिला. आता मध्येच न सावरता येणारी चूक झाली तर चालू व्यवहार सोडून दिला जातो आणि पुढचं लिखाण बंद होतं. डिस्कवर शेवटची पूर्ण झालेली अवस्था तशीच राहते. हा व्यवहार साधारणपणे दर ३० सेकंदांनी पूर्ण होतो, म्हणजे टांगणीला असतं ते शेवटच्या अर्ध्या मिनिटाचं काम. रीड-ओन्ली झालेली डिस्क ही तुमची माहिती वाचवण्यासाठी थांबलेली डिस्क आहे. तिला धक्के देऊन चालू करू नका.

पहिलं: रीस्टार्ट न करता दोन गोष्टी

वाचता येतंय तोवर महत्त्वाचं सगळं दुसऱ्या डिस्कवर उतरवा. यासाठी यापेक्षा चांगली वेळ पुढे येईलच असं नाही.

मग कर्नलचा लॉग दाखवणाऱ्या डीमेसेज (dmesg) कमांडचा पूर्ण मजकूर जपून ठेवा. मूळ विभागच रीड-ओन्ली झाला असेल तर त्यानंतरचा लॉग डिस्कवर लिहिलाच जात नाही, तो फक्त मेमरीत असतो आणि रीस्टार्टबरोबर जातो. पेनड्राइव्हवर घ्या. तेही जमत नसेल तर मोबाइलने पडद्याचे फोटो काढा. मी स्वतः अशा फोटोंवरून निदान केलं आहे.

दुसरं: पहिल्या चुकीचा आकडा

लॉगमध्ये शेवटची ओळ बघायची सवय असते. इथे उलट करा, सर्वांत आधीची चूक शोधा. त्यानंतरच्या ओळी बहुधा तिचेच परिणाम असतात. उणे ३० दिसलं तर त्याचा अर्थ फक्त ‘फाइलसिस्टिम रीड-ओन्ली आहे’ एवढाच, ते कारण नव्हे.

उणे २८ म्हणजे जागा संपली. पुढचे तीन टप्पे तुमच्यासाठी. उणे ५ म्हणजे डिस्कने वाचायला किंवा लिहायला नकार दिला. जागेचे उपाय सोडा आणि थेट हार्डवेअरच्या भागाकडे जा. उणे ११७ म्हणजे रचनेतच विसंगती सापडली. हार्डवेअरचा भाग वाचा आणि त्यानंतरचा ‘कुठे थांबायचं’ हा भाग त्याहून लक्षपूर्वक वाचा.

तिसरं: जागेचा खरा हिशेब

डीएफचा आकडा बाजूला ठेवा आणि ‘बीटीआरएफएस फाइलसिस्टिम युसेज’ चालवा. ही कमांड फक्त वाचते, काही बदलत नाही.

बीटीआरएफएस डिस्कची जागा आधी मोठ्या ठोकळ्यांत वाटते. डेटाचे ठोकळे साधारण १ जीबीचे. मेटाडेटाचे, म्हणजे वर सांगितलेल्या अनुक्रमणिकेचे, लहान फाइलसिस्टिमवर २५६ एमबीचे आणि ५० जीबीच्या वर १ जीबीचे. डेटाचा ठोकळा मेटाडेटाला चालत नाही. एकाच डिस्कवर मेटाडेटा सहसा दोनदा लिहिला जातो, म्हणून त्याचा १ जीबीचा ठोकळा प्रत्यक्षात २ जीबी खातो.

आता तीन आकडे बघा. ‘अनअलोकेटेड’ किती, मेटाडेटाचा एकूण आकार किती, आणि त्यातला वापरलेला किती. अनअलोकेटेड जवळजवळ शून्य आणि मेटाडेटा भरत आलेला असेल तर रोग सापडला. डेटाच्या अर्धवट भरलेल्या ठोकळ्यांत चाळीस जीबी मोकळे आहेत, तेच डीएफ दाखवतं, पण अनुक्रमणिकेला पान मिळत नाही. एक बारकावा सहज सुटतो: ‘ग्लोबल रिझर्व्ह’ नावाचा आकडा, जास्तीत जास्त ५१२ एमबी, मेटाडेटाच्या मोकळ्या जागेतूनच राखलेला असतो. मेटाडेटात ५०० एमबी शिल्लक दिसत असेल आणि रिझर्व्हही तेवढाच असेल, तर तुमच्याकडे प्रत्यक्षात काहीच शिल्लक नाही.

चौथं: स्नॅपशॉट

मला सर्वांत जास्त वेळा सापडलेलं कारण हेच. स्नॅपशॉट म्हणजे फाइलसिस्टिमची त्या क्षणाची जपून ठेवलेली अवस्था. स्नॅपर किंवा टाइमशिफ्टसारखं सॉफ्टवेअर दर अपडेटला, कधी दर तासाला स्नॅपशॉट घेतं. तुम्ही मोठी फाइल पुसली तरी जुन्या स्नॅपशॉटने तिला धरून ठेवलेलं असतं, म्हणून जागा सुटत नाही. यादी काढा, सर्वांत जुने आधी काढा, आणि अलीकडचे एक-दोन ठेवा.

त्याआधी कोटा चालू आहे का ते तपासा. कोटा चालू असताना कोणती जागा कोणाकोणात वाटलेली आहे याचा हिशेब फाइलसिस्टिमला सतत ठेवावा लागतो, आणि शंभर स्नॅपशॉट एकदम काढले तर हा हिशेब यंत्राला अक्षरशः जाम करतो. कोटा बंद करून मग स्नॅपशॉट काढल्यावर तासांचं काम मिनिटांत झालेलं मी पाहिलं आहे. स्नॅपर जागेच्या प्रमाणात साफसफाई करण्यासाठी कोटा वापरतो. तो कायमचा बंद ठेवलात तर किती स्नॅपशॉट ठेवायचे याची संख्या सेटिंगमध्ये स्वतः घाला.

काढल्यावर जागा लगेच दिसत नाही. साफसफाई पाठीमागे चालू असते. ‘बीटीआरएफएस सबव्हॉल्यूम सिंक’ ही कमांड ती संपेपर्यंत थांबते. तोवर रीस्टार्ट करू नका.

पाचवं: बॅलन्स, पण चाळणी लावून

बॅलन्स म्हणजे कमी भरलेले ठोकळे रिकामे करून त्यातला माल दुसऱ्या ठोकळ्यांत हलवणं. रिकामा झालेला ठोकळा अनअलोकेटेडमध्ये परत जातो आणि मग तो मेटाडेटाला घेता येतो.

फक्त डेटासाठी चालवा आणि ‘युसेज’ची चाळणी लावा. आधी ०, मग ५, मग १०, २०. चाळणी ५ म्हणजे ५ टक्क्यांहून कमी भरलेले ठोकळेच हलतील. काम कमी आणि लाभ पटकन. काही जीबी अनअलोकेटेड दिसू लागले की थांबा. ५० च्या वर जायची गरज मला क्वचितच पडली आहे.

दोन चुका टाळा. चाळणीशिवाय बॅलन्स चालवलात तर सगळी डिस्क उचलून पुन्हा मांडली जाते, मोठ्या डिस्कवर याला कित्येक तास, प्रसंगी दिवस लागतात. आणि मेटाडेटाचा बॅलन्स करू नका. मेटाडेटाचे अर्धे मोकळे ठोकळे ही पुढची गंगाजळी असते. ते परत दिले की त्यांची जागा डेटा घेतो आणि काही दिवसांनी तुम्ही पुन्हा याच पानावर येता.

बॅलन्सलाच जागा नाही असं उत्तर आलं तर? आधी एखादी मोठी, नको असलेली, कोणत्याही स्नॅपशॉटमध्ये नसलेली फाइल शून्य आकाराची करून बघा. तेही जमलं नाही तर चांगल्या स्थितीतला पेनड्राइव्ह किंवा बाहेरची डिस्क ‘डिव्हाइस ॲड’ने तात्पुरती जोडा, बॅलन्स करा, मग ‘डिव्हाइस रिमूव्ह’ने काढा. रिमूव्ह पूर्ण होण्याआधी ती हाताने काढली तर फाइलसिस्टिमचा एक तुकडाच तुम्ही खिशात घालून नेला असं होईल. मेमरीत बनवलेली रॅम डिस्क यासाठी वापरू नका. मध्येच वीज गेली तर तो तुकडा कायमचा गेला.

सहावं: जागा आहे, पण संथ आहे

डेटाबेस आणि व्हर्च्युअल मशीनच्या इमेज हे इथले मुख्य दोषी. मोठ्या फाइलच्या मधोमध, कुठेही, सतत छोटे बदल होतात आणि प्रत्येक बदल नव्या जागी जातो. एका यंत्रावर हिशेबाच्या सॉफ्टवेअरची व्हर्च्युअल मशीन होती, तिची इमेज (त्या मशीनची सगळी डिस्क साठवणारी एक मोठी फाइल) फाइलफ्रॅग कमांडने लाखाच्या वर तुकड्यांत दाखवली. सकाळी ती सुरू करून लोक चहा घ्यायला जात. (कॉम्प्रेशन चालू असेल तर फाइलफ्रॅगचा आकडा फुगलेला दिसतो, कारण कॉम्प्रेस केलेला तुकडा १२८ केबीहून मोठा नसतो. तिथे त्या आकड्याने घाबरू नका.)

उपाय: नवी रिकामी डिरेक्टरी बनवा, तिला ‘चॅटर’ (chattr) कमांडने अधिक चिन्ह आणि मोठा सी देऊन नो-कॉपी-ऑन-राइट करा, आणि मशीन बंद ठेवून इमेज तिच्यात पूर्ण कॉपी करा. नुसती हलवली किंवा रिफ्लिंक केली (म्हणजे तीच जागा वाटून घेणारी प्रत केली) तर उपयोग नाही, कारण ही खूण रिकाम्या फाइलवरच नीट लागू होते. मात्र किंमत समजून घ्या. त्या फाइलला चेकसम (माहिती बिघडली का ते ओळखायचा पडताळणीचा आकडा) राहत नाही, कॉम्प्रेशन राहत नाही, आणि दोन डिस्कवर प्रती असतील तर त्यांच्यात फरक पडल्यास खरी कोणती हे फाइलसिस्टिमला कळत नाही. ज्या फाइलला स्वतःचा बॅकअप आहे तिलाच हे करा.

डीफ्रॅगचा, म्हणजे फाइलचे विखुरलेले तुकडे एकत्र करण्याचा, मोह आवरा. डीफ्रॅग केल्यावर ती फाइल आणि तिचे स्नॅपशॉट यांच्यातली वाटणी तुटते आणि तीच माहिती डिस्कवर दोनदा बसते. भरत आलेल्या डिस्कवर हा उपाय रोगाहून वाईट आहे.

स्नॅपशॉट बरेच असतील तर माउंट करताना, म्हणजे फाइलसिस्टिम वापरासाठी जोडताना, ‘नोएटाइम’ हा पर्याय लावा. नाहीतर फाइल नुसती वाचली तरी वाचल्याची वेळ लिहावी लागते, आणि त्यासाठी स्नॅपशॉटशी वाटलेली अनुक्रमणिकेची पानं नव्याने उतरवावी लागतात. कर्नलची आवृत्तीही बघा. ५.२.० ते ५.२.१४ या कर्नलमध्ये मेटाडेटा खराब करणारा दोष होता, तो ५.२.१५ मध्ये दुरुस्त झाला. ५.१६ च्या सुरुवातीच्या आवृत्त्यांत ऑटोडीफ्रॅग डिस्कला सतत राबवत असे. ज्या यंत्राला वर्षानुवर्षं कोणी हात लावलेला नाही तिथे ही शक्यता खरी असते.

सातवं: हार्डवेअर

‘बीटीआरएफएस डिव्हाइस स्टॅट्स’ पाच मोजण्या दाखवते: लिहिण्याच्या चुका, वाचण्याच्या चुका, फ्लशच्या चुका, करप्शन आणि जनरेशन. हे आकडे मुद्दाम शून्य केल्याशिवाय पुसले जात नाहीत, म्हणून जुनी चूकही दिसत राहते. आकडे टिपून ठेवा आणि दोन दिवसांनी वाढले का बघा. वाढणारा आकडाच महत्त्वाचा.

मग डिस्कची तब्येत सांगणारी स्मार्टसीटीएल कमांड. ‘यूडीएमए सीआरसी’ची मोजणी वाढत असेल तर डिस्क बदलण्याआधी साटा केबल बदला. शे-दीडशे रुपयांच्या केबलने सुटलेला प्रश्न मी एकाहून जास्त वेळा पाहिला आहे. ‘पेंडिंग’ आणि ‘रीअलोकेटेड’ सेक्टर वाढत असतील तर डिस्कच जात आहे.

लॉगमध्ये लिहिण्याच्या वेळी मेटाडेटाचं पान बिघडलेलं आढळल्याचा संदेश असेल तर संशय रॅमवर घ्या. कर्नल ५.२ पासून, २०१९ पासून, डिस्कवर जाण्याआधी प्रत्येक पानाची रचना तपासली जाते. पान डिस्कवर पोचण्याआधीच बिघडलं असेल तर ते मेमरीतच बिघडलं. रॅम तपासणारा मेमटेस्ट रात्रभर चालू द्या. दहा मिनिटांत ‘सगळं ठीक’ आलं म्हणून उठू नका.

‘पॅरेंट ट्रान्झआयडी व्हेरिफाय फेल्ड’ या ओळीचा अर्थ असा: अनुक्रमणिका म्हणते अमुक पिढीचं पान तिथे आहे, पण तिथे दुसऱ्याच पिढीचं आहे. डिस्कने किंवा मधल्या यूएसबी ॲडॅप्टरने ‘लिहिलं’ असं सांगून प्रत्यक्षात लिहिलेलं नसतं आणि तेवढ्यात वीज जाते, हे याचं नेहमीचं मूळ. जिथे वीज वरचेवर जाते तिथे यूपीएस हा फाइलसिस्टिमच्या दुरुस्तीचाच भाग समजा.

हार्डवेअर नीट झाल्यावर स्क्रब चालवा. तो सगळा डेटा वाचून चेकसम पडताळतो आणि दुसरी चांगली प्रत असेल तर तिच्यावरून दुरुस्त करतो. रॅमवर संशय असेपर्यंत स्क्रबही नको.

कुठे थांबायचं

डिस्कमधून टिकटिक किंवा घासल्याचा आवाज येत असेल तर आत्ताच बंद करा. पुन्हा चालू करून बघू नका. हे डेटा रिकव्हरी प्रयोगशाळेचं काम आहे.

फाइलसिस्टिम माउंटच होत नसेल आणि ट्रान्झआयडीची चूक येत असेल, रेड ५ किंवा ६ (अनेक डिस्क एकत्र जोडण्याच्या मांडण्या) मधली एक डिस्क गेली असेल, किंवा दुरुस्तीचा पर्याय न देता चालवलेल्या ‘बीटीआरएफएस चेक’ने चुकांची लांब यादी दिली असेल, तर स्वतः करण्यासारख्या फक्त तीन गोष्टी उरतात. डिस्क खराब होत असेल तर डीडीरेस्क्यूने तिची पूर्ण प्रत दुसऱ्या डिस्कवर घ्या. मग रीड-ओन्ली आणि ‘रेस्क्यू’च्या पर्यायांसह माउंट करून बघा. तेही झालं नाही तर ‘बीटीआरएफएस रिस्टोअर’ने फाइल दुसऱ्या डिस्कवर काढा. तिन्ही प्रकारांत मूळ डिस्कवर काहीच लिहिलं जात नाही.

‘चेक’ला ‘रिपेअर’ जोडून चालवू नका. एक्स्टेंट किंवा चेकसमचं झाड नव्याने बांधणारे पर्याय तर मुळीच नकोत. ‘झीरो-लॉग’ फक्त फाइलसिस्टिमचा स्वतःचा लॉग (कर्नलचा नव्हे) पुन्हा चालवतानाच माउंट अडकत असेल तेव्हाचा उपाय आहे, इतर कुठल्याही दुखण्यावर नाही. बॅकअप नसेल आणि आत कोणाच्या लग्नाचे फोटो, कोणाचा प्रबंध, कोणाच्या धंद्याचे हिशेब असतील, तर या ओळीपाशी हात थांबवा आणि बीटीआरएफएसवर प्रत्यक्ष काम केलेल्या माणसाला बोलवा.

त्याच्याकडे जाताना कर्नलची आणि बीटीआरएफएस-प्रोग्जची (बीटीआरएफएसच्या कमांडच्या संचाची) आवृत्ती, ‘फाइलसिस्टिम युसेज’चा मजकूर, डीमेसेजचा पहिल्या चुकीपासूनचा पूर्ण लॉग आणि आतापर्यंत चालवलेल्या सगळ्या कमांडची यादी न्या. चुकून रिपेअर चालवला असेल तर तेही सांगा, कारण त्यावर त्याचा पुढचा मार्ग ठरतो.